हौदातला फडा

बसा बाई, इथं ओट्यावर बसा, तिकडे ऊन येते. पत्र तुमचं आलतं परवा, पण डॉक्टरसाहेबांची नात तुम्हीच, हे मी तुम्ही फाटकातून आल्या तवाच ओळखलं, साहेबांचं कपाळ असंच मोठं होतं, अन् थे बी तुमच्यासारखेच कमी बोलत. तुम्ही नका बोलू, मी बोलते, मले बोलायले कोणी पायजेच असते. तुम्हाले मासे पायजे, मासे देऊ, नाही कायले म्हणू, पण आधी त्यांची गोठ ऐकावं लागन, अन् त्यांची गोठ सांगायची तं आधी माही सांगावं लागते.

माहं माहेर मारेगावकडचं. बाप दुसऱ्याच्या वावरात सालानं राबे, माय कापूस वेचायले जाये, आम्ही बहिणी मायच्या मागं मागं ओटीत कापूस भरत वाढलो. लग्न होऊन मी या गावात आली अन् सहा-सात महिन्यांतच छप्पन सालचा दसरा आला, सारी वस्ती दीक्षा घ्यायले नागपूरले निघाली. पांढरं लुगडं पायजे म्हणे. माह्यापाशी कुठलं पांढरं लुगडं, माहं लग्नातलं हिरवं. माह्या सासूनं, मी तिले आत्या म्हणते, तिनं आपलं जुनं लुगडं सोड्याच्या पाण्यात उकळून उकळून पांढरं केलं, थे पांढरं नाहीच झालं, गुलाबी राह्यलं, अन् थेच नेसून मी गेलती. एवढी माणसं मी जिंदगीत पाह्यली नव्हती बाई. कोणी माह्या लुगड्याकडे पाह्यलं नाही. येताना पाय सुजले होते, आत्या म्हणे, सुजू दे, पाय आहेत तं सुजतात.

घरी आल्यावर आत्यानं पहिलं काम काय केलं माहीत आहे? आत्या रोज पहाटे पाटलाच्या घरासमोरची जागा झाडायले जाये. तिची सासू जाये, तिच्या सासूची सासू जाये. शिंदीचा फडा, तुम्ही झाडू म्हणता थो, त्यानं सारं झाडायचं अन् मंग दारातून जी भाकर टाकतीन थे पदरात घ्यायची. तं आत्यानं थो फडा घेतला अन् घराच्या आड्याले खोसून दिला, वर, जिथं हात पोहोचत नाही तिथं. म्हणे, आता हा कोणाच्याच अंगणात लागणार नाही, आपल्या बी नाही. मी म्हणलं, आत्या, मंग जाळून टाक ना. तं म्हणे, कायले जाळू, मी विणलेला आहे, चांगला आहे. आपल्या अंगणासाठी तिनं दुसरा फडा विणला, पण थो जुना तिथंच, धूर खात.

मंग गावातलं काम बंद झालं. म्हणजे कोणी सांगतलं नाही बंद म्हणून, बोलावणंच येईना. आमचे हे मंग राळेगावले रहीममिस्त्रीच्या हाताखाली गवंडीकाम शिकले. थो मिस्त्री मोठा भला माणूस, शिव्या भल्ल्या देये पण शिकवे बी. ओळंबा धरायले शिकवलं, हौद बांधायले शिकवलं, म्हणे भिंत कोणीबी बांधते, पाणी अडवून दाखव. हे हौदाचे पक्के कारागीर झाले थे त्या माणसाच्या शिव्यांनी, त्याचे उपकार आहेत.

अन् मंग वस्तीची हीर, म्हणजे विहीर. हे तुम्हाले नीट सांगते, कारण पुढं सारं यावरच आहे. पहिले आम्ही गावच्या हिरीवर जाऊन उभं राहू, हात नाही लावायचा, दोराले नाही, कशालेच नाही. कोणी आलं अन् त्याच्या मनात आलं तं वरून ओतन, नाही तं उभंच. आत्याले हे झाले, म्हणजे माहा नवरा झाला, थो वैशाखात. अंगावर ओल्या बाळंतिणीचे कपडे, अन् पाण्यासाठी तिची सासू हिरीवर दिवस दिवस उभी. आत्या कधी रडून नाही सांगत, पण तिनं एकदा म्हणलं होतं, लेकराले धुवायले पाणी नव्हतं, मी त्याले पुसून पुसून घेतलं. तं वस्तीनं जवा दीक्षेनंतर आपली हीर खणली, सारी माणसं खणायले, बाया टोपलं उचलायले, ह्यांनी आतून चिरा बांधला, तवा पाणी लागल्या दिवशी आमच्या वस्तीतले म्हातारे कवडूबुवा हिरीच्या काठावर उभे राहून बोलले, की उन्हाळ्यात पाणी मोजून घ्यायचं, एका घराले ठरलेले गुंड, म्हणजे घागरी, त्याच्यावर एक नाही, मी बी नाही. पण ज्या घरात बाळंतीण आहे त्या घराले मोजमाप नाही. त्या घरानं पायजे तेवढं शेंदावं, अन् त्यांच्यात कोणी शेंदणारं नसन तं शेजाऱ्यानं आणून द्यावं. सारे हो म्हणाले. बाया तं मोठ्यानं हो म्हणाल्या.

अन् त्या हिरीवरची पहिली बाळंतीण मीच. माही पोरगी झाली तवा आत्या दिवसभर पाणी आणे, लेकराले आंघोळ, मले आंघोळ, पुन्हा लेकराले आंघोळ. मी म्हणलं आत्या, पोरीचं कातडं निघन. तं म्हणे, चूप बस, तुले काय माहीत.

आता तुमच्या बंगल्याची गोठ. साहेबांनी यवतमाळले बंगल्यामागं नवा हौद बांधायचं काढलं, अन् रहीममिस्त्रीनं ह्यांले पाठवलं. हे शनवारी घरी येत अन् मले थोडं थोडं सांगत. की साहेबाचे मासे आहेत, कलकत्त्याहून आगगाडीनं आलेले, मूळचे जपानी, लाल अन् पांढरे, नवऱ्या मुलीच्या शालूसारखे, त्याले कोय म्हणतात. आत्या म्हणे, कोय तं आंब्याले असते. मी म्हणलं, खायले कसे लागतात? हे म्हणे, खायचे नाहीत, पाहायचे आहेत. आत्यानं अन् मी एकमेकींकडे पाह्यलं. पाहायचे मासे! आम्ही आजवर मासा पाह्यला थो खायच्या आधी.

बंगल्यावर कामाच्या माणसांले पाणी स्वयंपाकाची बाई वरून ओतून देये, ओंजळीत. तुम्ही खाली कायले पाहता बाई, तुम्ही तवा लहान असान, अन् मी तुम्हाले काही म्हणून राह्यली नाही, जसं होतं तसं सांगून राह्यली. पण साहेब. साहेबांनी एक दिवस ह्यांले हौदापाशी बोलावलं, ह्यांच्या हातात उकडलेले गहू दिले अन् म्हणे, हात पाण्यात घाल. हे म्हणे, पाण्यात? साहेब म्हणे, मंग मासे काय वर येतीन? ह्यांनी हात घातला. मासे आले अन् ह्यांच्या बोटांतून खाऊ लागले, त्यांले दात नसतात म्हणे तोंडात, मऊ लागते, वासराच्या तोंडासारखं. त्या शनवारी हे घरी आले अन् जेवताना थांबून थांबून आपल्या हाताकडे पाहत. आत्या म्हणे, काय झालं रे, चुना लागला काय? हे म्हणे, नाही.

हौद पुरा झाला तवा साहेब खूश होऊन म्हणे, काय पायजे सांग. हे म्हणे, दोन मासे द्या. साहेब हसले नाहीत, बरं का. साहेबांनी विचारलं, ठेवशीन कुठं? हे म्हणे, हौद बांधतो. असं ह्यांनी आमच्या दारात, हे पाहा हाच, हा एवढासा हौद बांधला. नव्या बांधकामाचा चुना माशाले मारते म्हणून केळीचे खांब टाकून टाकून त्याचं पाणी कितीदा बदललं, मंग यष्टीनं गुंडात मासे आणले, एक नर, एक मादी. कंडक्टर म्हणे याचं तिकीट लागन, हे म्हणे हाफ लागन ना, लहान आहेत. साहेबांनी सांगून पाठवलं, मादी पोटानं मोठी आहे तीच. हिवाळा सरता सरता अंडी देईन. अंडी पाल्याले चिकटतात, चिकटली की पाला काढून वेगळ्या पाण्यात ठेवा, नाही तं आईबापच खातात. पिल्लं झाली तं मले कळवा, माह्याकडे आजवर एकदाबी झाली नाहीत.

हे ऐकून मले काय वाटलं सांगू? मले वाटलं, बंगल्यावर झाली नाहीत, तं आमच्याकडे झाली पायजे. असं उगाच वाटलं. पण वाटलं खरं.

वस्तीत दोन महिने जत्रा होती नुसती. पोट्टे शाळेतून सरळ हौदावर. शेजारची अंजना, जिभेनं तिखट, मनानं चांगली, थे म्हणे, काय वो, तुमच्या घरी आता नवरा-नवरी आले काय राहायले, अन् नवरीच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणे, हिले दिवस गेले दिसतात. मी नाल्यातून शेवाळ आणून हौदात सोडलं. गहू उकडून टाके, भाकरीचा चुरा टाके. माशाले माणसाची सावली ओळखू येते बाई, माही सावली पडली की थे वर येत, आत्याची पडली की खाली जात, कारण आत्या त्यांच्याकडे पाहून रोज म्हणे, याचा रस्सा किती होईन.

पण हिवाळा सरू लागला अन् हिरीचं पाणी खाली खाली जाऊ लागलं. मंग एक दिवस कवडूबुवा आले, ओट्यावर बसले, जिथं तुम्ही बसल्या तिथंच. चहा पेले. म्हणे, सूनबाई, मासे लय सुंदर आहेत. मी म्हणलं, हो बुवा. म्हणे, पण पाणी पेतात. आता मोजणी लागन, माणसाले कमी पडन अन् दारात हौद भरलेला दिसन, हे बरं नाही दिसत. त्यांचं खरंच होतं. हे म्हणे, बुवा, अंडी देईन मादी आता, पिल्लं होतीन. बुवा मिशीत हसले अन् म्हणे, असं? तं मंग असं करू. चैताच्या पुनवेपर्यंत पिल्लं झाली तं तुमचं घर बाळंतिणीचं घर, मोजमाप नाही. नाही झाली तं दोन्ही मासे बंगल्यावर नेऊन द्यायचे, यष्टीचं हाफ तिकीट काढून. सारे हसले. पण ठरलं थे ठरलं, आमच्यात बुवांचा शब्द हसत दिला तरी शब्दच असते.

मी मंग रोज पहाटे उठून आधी हौद पाहे. अन् माघाच्या पुनवेच्या आदल्या दिवशी पहाटे हौदात नुसता धिंगाणा. नर मादीच्या मागं लागलेला, तिले धक्के मारे, पाणी ओट्यावर उडे. मी घाबरली, ह्यांले उठवलं, म्हणलं मारते थो तिले. हे पाहून म्हणे, अगं मारत नाही, हेच थे. ऊन वर आलं तवा शेवाळ्यावर पाह्यलं तं बारीक बारीक पिवळसर मणी, राळ्याच्या दाण्याएवढे, आरपार दिसणारे. मी बोटानं मोजायले लागली, मोजता येईना. पण कापसाची शेवटची वेचणी होती, दोघांलेही जाणं भाग होतं, ह्यांले कामावर अन् मले वावरात. म्हणलं, संध्याकाळी आल्यावर पाला काढून गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ठेवू. आत्याले सांगावं म्हणलं, पण आत्या दूर शेण वेचायले गेलती. गेलो आम्ही.

आता आमच्या वस्तीची रीत तुम्हाले माहीत नसन. दीक्षा घेतल्यापासून पुनव आली की आदल्या दिवशी सारी वस्ती घासून-पुसून काढायची. घरं सारवायची, चुना मारायचा, लुगडी धुवायची, अन् मंग पुनवेले सारे स्वच्छ होऊन वंदनेले बसतात. लोक आम्हाले पिढ्यान्‌पिढ्या घाणेरडे म्हणत आले ना, तं बायांनी असं मनावर घेतलं की आमच्या वस्तीत चुलीपुढचा दगड बी चमके. आत्या तं या कामात सगळ्यांच्या पुढं.

मी संध्याकाळी पाठीवर ओझं घेऊन आली तं दुरूनच दिसलं, हौद पांढरा. पांढरा शुभ्र, वरून निळीची रेघ ओढलेली. भोवती बाया उभ्या, आत्या मधात, हाताले चुना, कपाळाले चुना, अन् असं हसून राह्यली जसं काय तिनं लेकीचं लग्न लावलं. अंजना म्हणे, पाह्य वो, पाह्य, तुह्या सासूनं अन् आम्ही कसं लखलखीत केलं, आतून बाहेरून, किती शेवाळ होतं वो माय, नुसती घाण, विटेच्या चुऱ्यानं घासलं तवा निघालं. मी म्हणलं, मासे? मासे गुंडात, एकावर एक, तोंड वर करून. मी म्हणलं, शेवाळ? आत्या म्हणे, उकिरड्यावर.

मी पळत गेली. वाळून पापड झालतं सारं, कोंबड्या टोचून राह्यल्या होत्या.

मी तिथंच खाली बसली. ओरडली नाही, काय ओरडू, साऱ्याजणी दिवसभर राबल्या होत्या, माह्यासाठी, पुनवेसाठी. पण मले रडू आलं, थे थांबेना. अंजनाले काही कळेना, थे म्हणे काय झालं वो, साप होता काय? मंग मी सांगतलं. बाया एक एक करून गेल्या. आत्या हातावरचा चुना खरवडत उभी राह्यली. ह्यांनी रात्री आल्यावर चुन्याच्या हौदात मासे नाही टाकले, नाही तं थे बी गेले असते, दगडी डोणीत ठेवले, अन् पुन्हा थेच, केळीचे खांब, पाणी बदल, केळीचे खांब, अन् वर पाण्याची मोजणी सुरू झालेली. ह्यांनी आपली आंघोळ सोडली पाण्यासाठी. गवंड्यानं आंघोळ सोडायची म्हणजे काय, विचार करा. मी म्हणलं, जाऊ द्या, देऊन टाका मासे परत. हे म्हणे, चैताची पुनव अजून आली नाही.

आत्या चार-पाच दिवस माह्याशी बोलली नाही, म्हणजे रागानं नाही, तिले तोंड नव्हतं दाखवायले. मंग एक दिवस मी भाकरी थापून राह्यली होती तं वरून धूळ पडली तव्यावर. पाहते तं आत्या उखळावर चढून आड्याले हात घालून राह्यली. थो फडा काढला तिनं. इतक्या वर्षांचा, काळाकुट्ट झालेला. खाली उतरली, बाहेर जाऊन दगडावर आपटला, धुतला, पुन्हा धुतला, त्याची पाती मोकळी केली, अन् माह्यापुढं धरून म्हणे, हा घे. शिंदीचं पातं आहे, पाण्यात सडत नाही, याले चिकटू दे तिची अंडी. मी म्हणलं, आत्या, थो फडा? तू म्हणलं होतं, कोणाच्याच अंगणात लावणार नाही. तं म्हणे, अंगणात म्हणलं होतं. पाण्याची गोठ नव्हती केली.

हौदाचा चुना उतरला तवा मासे परत हौदात सोडले, अन् मी थो फडा दोरीनं हौदात लटकवला, पाती पाण्यात, मूठ वर. वस्तीतली म्हातारी माणसं जाता-येता पाहत. फडा ओळखत सारे, पण हसलं कोणी नाही. मले साहेबांनी सांगतलेलं माहीत होतं की मादी सारी अंडी एकदम टाकत नाही, पोटात ठेवते काही, पण ठेवली का नाही कोणाले माहीत. फाल्गुन लागला. होळी गेली. ऊन असं तापलं की दुपारी हौदावर मी पोतं भिजवून टाके. चैत लागला अन् मी गुंड घासून ठेवला, मासे परत न्यायचा.

अन् पुनवेच्या दोन-चार दिवस आधी पहाटे मले आत्यानं हलवलं. म्हणे, उठ वो, तुहा जावई पुन्हा मारून राह्यला पोरीले. आम्ही दोघी हौदाच्या काठावर बसलो. थे पाणी उडे अन् आमच्या तोंडावर येये. ऊन निघाल्यावर आत्यानं आपल्या हातानं फडा वर काढला. बाई, पातं अन् पातं भरलेलं होतं. उन्हात असं चमके जसं फड्याले मोती ओवले. आत्या त्याच्याकडे पाहतच राह्यली, पाणी तिच्या कोपरावरून गळत होतं. म्हणे, किती वर्षं झाडलं याच्यानं मी. अन् फडा जपून गंजात ठेवला, वर फडकं बांधलं, अन् त्या दिवशी कामाले गेली नाही, गंजापाशी बसून राह्यली राखणीले, कोंबडी दिसली की चप्पल फेके.

काही अंडी पांढरी पडली, थे मेली. बाकीच्यांत काळे ठिपके दिसले, थे डोळे. अन् पुनवेच्या दिवशी सकाळी गंजाच्या कडेले पापणीच्या केसासारखी पिल्लं चिकटलेली. ह्यांनी कवडूबुवांले बोलावून आणलं. बुवांले दिसेना, त्यांनी चष्मा पुसला, गंजात तोंड घातलं, म्हणे कुठं आहे, कुठं आहे, मंग एकदम म्हणे, अरे हे तं पळते! वर पाह्यलं अन् वंदनेले जमलेल्या साऱ्या वस्तीपुढं मोठ्यानं म्हणे, या घराले मोजमाप नाही.

मी समजली हसण्यावारी नेतीन. पण संध्याकाळी अंजना आली, काखेत गुंड. भरलेला. म्हणे, सरक, बाळंतिणीले पाहायले आली, रिकाम्या हातानं कशी येऊ. अन् हौदात ओतला. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. आपल्या मोजणीतला एक एक गुंड, बाई, चैताचं पाणी. एकीनं डिंकाचा लाडू आणला अन् मादीपुढं धरून म्हणे, खाय माय, कंबर दुखत असन. हसून हसून आमच्या पोटात दुखलं. साहेबांनी सांगतलं होतं की पिल्लांले उकडलेल्या अंड्यातलं पिवळं फडक्यातून पिळून द्यायचं, तं ज्यांच्या कोंबड्यांनी माघात माही अंडी खाल्ली होती त्यांनीच कोंबडीची अंडी आणून दिली. त्या उन्हाळ्यात आमचा हौद एक दिवस बी उणा राह्यला नाही. मले अजून कळत नाही त्या बायांले मी काय परत देऊ, काही देता येत नाही असं असते थे.

पुष्कळ मेली पिल्लं. उरली थे मोठी होऊ लागली तं सारी मातकट. रंग नाहीच. अंजना म्हणे, हे तं आपल्या नाल्यातलेच, तुम्हाले साहेबानं फसवलं. हे निराश झाले, पण मी म्हणलं, माही पोरगी झाली तवा तिचं नाक बी नव्हतं, आता आहे का नाही? अन् पावसाळा गेल्यावर काही काहींच्या पाठीवर लाली उतरू लागली, हळू हळू, कुंकवाचं पाणी पसरते तशी. बाकीचे मातकट राह्यले थे मातकटच राह्यले. त्यांचं काय केलं विचारू नका. बरं, सांगते, आत्यानं रस्सा केला. किती दिवसांची इच्छा होती म्हातारीची.

साहेबांले कळवलं तं साहेब स्वतः आले, मोटार फाट्यावर ठेवून धुऱ्याधुऱ्यानं, वावराच्या बांधावरून चालत. हौदाच्या काठावर बसले, बाही वर करून हात पाण्यात घातला, अन् पिल्लं बोटांशी येऊ दिली. मंग आत्याले म्हणे, माह्याकडे का नाही झाली हो? आत्या म्हणे, तुमच्याकडे फडा नव्हता. साहेब एवढे हसले. मंग पाणी मागतलं. आत्यानं हिरीचं ताजं शेंदून आणलं, लोट्यात दिलं, अन् साहेबांनी लोटा तोंडाले लावून सारं पेलं. आत्या थो लोटा अजून वेगळा नाही ठेवत, बाकीच्यांतच आहे, पण मले दाखवता येते कोणता थो.

पुढं साहेब वारले थे कळलं तवा ह्यांनी त्या दिवशी कामावर करणी उचलली नाही. अन् आता तुम्ही सांगता बंगल्यातला हौद कोणी पाह्यला नाही, मासे मेले, रिकामा पडला आहे. अन् तुम्हाले थो पुन्हा भरायचा आहे. कॉलेजातून इतक्या दूर एकट्या आल्या त्यासाठी. चांगलं केलं. आत्याले ऐकू कमी येते आता, पण तुम्ही साहेबांची नात म्हणल्यावर थे मघापासून तुमच्याकडे पाहून राह्यली, पाह्यलं ना?

पण ही काचेची बरणी कायले आणली बाई? हिच्यात लोणचं मावते, मासा नाही मावत. आमचा गुंड घेऊन जा. मी दोन चांगले काढून ठेवले, एक पोटानं मोठी आहे, एक बारीक, दोन्ही इथंच जन्मलेले, त्या फड्यावरचे. यष्टीत मांडीवर धरजो, तोंडावर फडकं, पण घट्ट नाही, हवा लागते. अन् हे घ्या, ही शिंदीची पाती, आत्यानं काल बसून नवा फडा विणला तुमच्यासाठी. जुना नाही देत थे, मागू बी नका.

अन् एक ध्यानात ठेवजो. घरी गेल्यावर मासे एकदम हौदात नाही सोडायचे, दचकून मरतात. आधी तुमच्या हौदातलं ओंजळभर पाणी या गुंडात टाका. थोडं थांबा. पुन्हा ओंजळभर टाका. असं करत करत आमच्या हिरीचं अन् तुमच्या हिरीचं पाणी गुंडातच एक होऊ द्या, मासे शांत फिरू लागले म्हणजे समजायचं झालं. मंग गुंड तिरपा करा, थे आपल्यानं जातात. पाणी फेकू नका, त्याच्यासकट जाऊ द्या.

गुंड परत आणायची घाई नाही. आणान तवा मात्र तुम्हीच या, नोकराच्या हाती नका पाठवू. अन् पिल्लं झाली तं कळवजो, आम्ही बाळंतिणीले पाहायले येऊ. रिकाम्या हातानं नाही येणार. जा बाई, सांभाळून जा, सुखी राहा, यष्टीचा वेळ झाला.